नऊ बाया, दहा दगड

दगड मोजायला विद्वत्ता लागत नाही. एक, दोन, तीन करत जायचं, दगड संपले की थांबायचं. इंग्लंडमधल्या डर्बीशर परगण्यात स्टँटन मूर नावाचा उंच, उघडा माळ आहे. त्या माळावर कांस्ययुगातलं एक शिळावर्तुळ आहे, जवळपास चार हजार वर्षांपूर्वीचं. त्याला ‘नाइन लेडीज’ म्हणतात. नऊ बाया. मागच्या ऑगस्टमध्ये भाचीबरोबर मी तिथे गेले आणि मोजले. दहा भरले. पुन्हा मोजले. दहाच. नऊ उभे, एक आडवा. हा आडवा 1970 च्या दशकात उजेडात आला. तोवर तो माती-गवताखाली पडून होता आणि त्याच्या छाताडावर नऊ या आकड्याची अख्खी दंतकथा नांदत होती.

दंतकथा अशी. नऊ बाया रविवारी, म्हणजे देवाच्या वारी, नाचल्या. देव कोपला आणि त्यांचे दगड झाले. चाळीसेक मीटरवर एक एकटा दगड आहे, ‘किंग स्टोन’. तो त्यांच्या नाचाला फिडल वाजवणारा. हीच गोष्ट इंग्लंडभर ठिकठिकाणी चिकटवलेली आहे. कॉर्नवॉलच्या ‘मेरी मेडन्स’ रविवारीच नाचल्या. सॉमरसेटमध्ये स्टँटन ड्रू इथे लग्नाचं वऱ्हाडच्या वऱ्हाड नाचता नाचता गोठलं. पुरुषही सुटले नाहीत: कॉर्नवॉलचे ‘हर्लर्स’ रविवारी चेंडू खेळले म्हणून उभे आहेत. गुलामांच्या व्यापाराला निघालेली जहाजं ब्रिस्टलच्या धक्क्यावरून सुटत होती तेव्हा या देवाने एका व्यापाऱ्याचाही दगड केला नाही. राग निघाला तो माळावर नाचणाऱ्या पोरींवर! ही गोष्ट रचणाऱ्यांना दगडांचं काही पडलेलं नव्हतं. त्यांना पोरी घरात बसवायच्या होत्या. आणि रविवार पाळायला लावणारा धर्म त्या बेटावर पोचला, त्याच्या दोन हजार वर्षं आधी हे दगड तिथे उभे होते, ही त्यांच्या पंचांगातली फट कोणी बुजवली नाही.

ते असो. पाद्र्यांचा काळ सरला. त्यांच्या जागी जे आलेत, त्यांच्यावर मला बोलायचंय.

आधी ती जागा कशी आहे ते ऐका. बर्चोव्हर नावाच्या चिमुकल्या गावातून चढ चढून वर यायचं. ऑगस्टमध्ये हीदरची बुटकी झुडपं फुललेली असतात आणि माळ मैलभर जांभळा दिसतो. वाट बर्चच्या पांढुरक्या झाडांत शिरते, झाडं बाजूला होतात आणि मोकळ्या गवतावर हे दगड. व्यास सुमारे अकरा मीटर. आपल्याकडे लग्नाचा मांडव यापेक्षा मोठा असतो. एकही दगड मीटरभर उंच नाही. माझ्या कमरेला एकही लागत नाही. दगड तिथल्याच डोंगराचा, जाड्या रेतीचा, खरखरीत. याच दगडाची त्या भागात पिढ्यान्‌पिढ्या जाती घडवली गेली. माळावर आणखी सत्तरहून अधिक दगडी ढीग आहेत. त्यांच्यात मेलेल्यांची राख आणि हाडं मातीच्या भांड्यांतून पुरलेली सापडली. म्हणजे हा माळ काही कुटुंबांचा होता. ती इथे गुरं चारत, मेलेल्यांना इथेच ठेवत, आणि कधीतरी वर्तुळात एकत्र येत. चार-सहा धडधाकट माणसांनी एका सकाळी एक दगड उभा केला असेल. थोड्या दिवसांचं काम.

मला हे लहानपण विलक्षण वाटतं. राजा नाही, फौज नाही, गुलामांच्या रांगा नाहीत. स्टोनहेंजचे मोठे दगड सरासरी पंचवीस टनांचे. ते पाहताना हुकूम सोडणारा कोणीतरी डोळ्यांसमोर येतोच. इथे येत नाही. इथे दिसतात शेजारी. एकाने पहार लावली, दुसऱ्याने खाली धोंडा सरकवला, तिसरीने ‘थोडं डावीकडे’ म्हटलं.

पण एवढंसं असणं लोकांना सोसत नाही. दगड लहान आहे ना, मग त्याच्यामागे काहीतरी अवाढव्य उभं करा! ऊर्जा उभी करा, लुप्त विद्या उभी करा, परग्रहवासी उभे करा. लहान वस्तूची ज्यांना लाज वाटते, त्यांना त्या वस्तूबद्दल आदर आहे हे मी मानायला तयार नाही.

आम्ही पोचलो तेव्हा वर्तुळात एक गृहस्थ फिरत होते. अंगात हिरवा मखमली झगा, पायात महागडे ट्रेकिंगचे बूट, हातात तांब्याच्या दोन वाकड्या सळ्या. सळ्या एकमेकींवर आल्या की ते डोळे मिटत. त्यांनी मला आपण होऊन सांगितलं की इथली ऊर्जा स्त्रीरूप आहे, तिसऱ्या दगडापाशी प्रबळ, सातव्यापाशी क्षीण. मी विचारलं, आणि दहाव्यापाशी? कुठला दहावा? मी बोट दाखवलं. त्यांनी आडव्या दगडाकडे पाहिलं, सळ्या तिकडे नेल्यासुद्धा नाहीत, आणि म्हणाले, “तो मृत आहे.”

पाहिलंत? मोजमापाचं साधन हातात, मोजायची वस्तू चार पावलांवर, आणि निकाल मोजण्याआधीच तयार. या माणसाने नऊ आकडा घरून आणला होता. दगडांनी त्यात ढवळाढवळ करायची नाही, एवढीच त्याची दगडांकडून अपेक्षा.

आपल्याकडे पाणाड्या असतो. तोही तळहातावर नारळ आडवा ठेवून रानात चालतो, नारळ उभा राहिला की ‘इथे बोअर घ्या’ म्हणतो. माझा त्याच्यावरही विश्वास नाही. पण पाणाड्याची बाजू घेऊन मी एक गोष्ट सांगेन: त्याची परीक्षा होते. तीनशे फुटांवर धुरळा निघाला की शेतकरी त्याला पुन्हा बांधावर उभं करत नाही. या झगेवाल्यांची बोअर कधी कोरडी जात नाही, कारण ते पाण्याचं नाव घेतच नाहीत. ‘ऊर्जा’ म्हणतात. भौतिकशास्त्रातला हा शब्द नेमका आहे. त्याला एकक आहे, त्याचा हिशेब चोख लागतो. तो चोरायचा, त्याचं एकक काढून फेकायचं आणि उरलेलं टरफल दगडावर ठेवून त्याला उदबत्ती ओवाळायची. ही अध्यात्माची भूक नाही. ही शब्दांची उचलेगिरी आहे.

मग ‘ले लाइन्स’. हेरेफर्ड गावच्या आल्फ्रेड वॉटकिन्स या व्यापाऱ्याला 1921 मध्ये वाटलं की जुनी देवळं, टेकाडं, उभे दगड नकाशावर सरळ रेषेत येतात. 1925 मध्ये त्याने त्यावर पुस्तक काढलं. वॉटकिन्स खटपट्या माणूस, फोटोग्राफीतला पक्का जाणकार. प्रकाश मोजायचं यंत्र त्याने बनवलं होतं. त्याचं म्हणणं एवढंच होतं की या जुन्या व्यापाऱ्यांच्या सरळ वाटा असाव्यात. म्हणणं चुकीचं, पण समजण्याजोगं. डोंगरदऱ्यांतून मिठाची ओझी वाहणारा माणूस नाकासमोर सरळ चालत नाही, खिंड शोधतो, हे सह्याद्री चढलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. त्या बिचाऱ्या वॉटकिन्सने त्या रेषांत ऊर्जा वगैरे काही ओतलं नव्हतं. ती ओतली 1960 च्या दशकातल्या लोकांनी. 1969 मध्ये जॉन मिशेलचं पुस्तक आलं आणि वाटांच्या विजेच्या तारा झाल्या. पुढे 2010 मध्ये मॅट पार्कर या गणितज्ञाने वूलवर्थ्‌स या बंद पडलेल्या दुकानसाखळीच्या 800 दुकानांच्या जागा नकाशावर मांडल्या. त्यातूनही अशाच सुबक रेषा आणि त्रिकोण निघाले. बादल्या आणि खाऊ विकणाऱ्या दुकानांतून! नकाशावर ठिपके पुरेसे असले की रेषा निघणारच. वर्तमानपत्रावर मोहरी सांडा आणि पट्टी घेऊन बसा, संध्याकाळपर्यंत तुम्हालाही प्राचीन विद्या सापडेल.

आणि द्रुइड. उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी पांढरे झगे घालून अशा वर्तुळांतून जे मंत्र म्हणतात, ते स्वतःला या दगडांचे वारस मानतात. द्रुइडांबद्दल आपल्याला जे काही ठाऊक आहे, ते मुख्यतः ज्यूलियस सीझर, प्लिनी अशा रोमन लेखकांकडून. हे लेखक ओकची झाडं सांगतात, राया सांगतात, बळी सांगतात. शिळावर्तुळं सांगत नाहीत. सीझर ब्रिटनच्या किनाऱ्याला लागला, तेव्हा स्टँटन मूरवरचे दगड दोन हजार वर्षांचे झाले होते. दगड आणि द्रुइड यांची सोयरीक सतराव्या शतकात जॉन ऑब्रीने सुचवली आणि अठराव्या शतकात विल्यम स्ट्यूकलीने ती थाटामाटात लावून दिली. मग 1792 मध्ये एडवर्ड विल्यम्स हा वेल्श गवंडी, जो स्वतःला इओलो मॉर्गानुग म्हणवी, लंडनच्या प्रिमरोझ टेकडीवर खड्यांचं वर्तुळ मांडून ‘प्राचीन’ विधी करता झाला. त्याची अनेक ‘जुनी’ हस्तलिखितं त्यानेच लिहिलेली निघाली. म्हणजे या अनादि परंपरेचं वय पेशवाईच्या उत्तरार्धाइतकं आहे. पेशवाईतलं काही जुनं म्हणून दाखवायला माझी हरकत नाही. पण त्याला कांस्ययुग म्हणू नका.

थांबा, किंग स्टोन राहिलाच. त्या एकट्या दगडावर कोणीतरी इंग्रजी अक्षरं कोरली आहेत: ‘बिल स्टंप्स’. डिकन्सची ‘पिकविक पेपर्स’ 1836-37 मध्ये आली. तिच्यात पिकविकसाहेबांना एक कोरलेला दगड मिळतो. ते त्याला प्राचीन शिलालेख ठरवतात, विद्वत्‌सभांमध्ये प्रबंध झडतात. एक शंकेखोर सभासद जाऊन शोध घेतो, तर ती बिल स्टंप्स नावाच्या मजुराची अक्षरं निघतात. सभा काय करते? शंकेखोराला हाकलून देते. डिकन्सने ही जात जवळपास दोनशे वर्षांपूर्वी ओळखली होती. मला पुरातन दगड विद्रूप करणाऱ्यांची चीड आहे, आणि ज्याने हे कोरलं त्याचीही आहे. पण ज्या दगडाभोवती आज सर्वांत जास्त थापा मारल्या जातात, नेमक्या त्याच दगडावर ते नाव आहे, हे पाहून मी मोठ्याने हसले. झगेवाले वळून बघत राहिले.

विद्रूप करण्यावरून आठवलं. उभ्या दगडांच्या माथ्यावर मेणबत्त्यांचं मेण साकळलेलं होतं. गवतात शेकोटीचा काळा डाग होता. फांद्यांना रंगीत फिती, दगडांच्या फटींत नाणी, काचेचे खडे, सुकलेली फुलं. हे अर्पण, असं भाचीने सांगितलं. कोणाला? तापलेल्या दगडाला तडे जातात, मेण त्याच्या खरखरीत अंगात मुरतं, त्याच्यावर शतकांच्या संथपणाने वाढलेलं दगडफूल मरतं. इंग्लंडात प्राचीन वास्तूंच्या रक्षणाचा पहिला कायदा 1882 मध्ये जॉन लबकच्या प्रयत्नाने झाला. त्याच्या पहिल्या यादीत या इवल्या वर्तुळाचं नाव होतं. जनरल पिट-रिव्हर्स हा पहिला निरीक्षक. त्या काळी वर्तुळाभोवती बांधलेली दगडी भिंत होती, ती 1985 मध्ये काढली, दगड पुन्हा माळाला मोकळे मिळावेत म्हणून. कायद्याने जे सांभाळलं, भिंत पाडून जे मोकळं केलं, ते ‘भक्तां’नी मेणाने बरबटवलं. दगडावर प्रेम आहे ना? मग त्याला हात लावू नका!

आता मला एक गोष्ट मान्य करायची आहे, कारण ती खरी आहे. 1952 मधली एक जुनी परवानगी उकरून काढून 1990 च्या दशकाच्या शेवटी या माळाच्या उतारावरच्या बंद खाणी पुन्हा सुरू करायचा घाट घातला गेला. तेव्हा 1999 पासून नऊएक वर्षं तरुण पोरं-पोरी तिथल्या झाडांवर घरटी बांधून राहिली. पावसात, हिमात. गावकरी त्यांच्या बाजूला उभे राहिले, कोर्टकज्जे झाले आणि खाणीची परवानगी अखेर रद्द झाली. त्या पोरांतल्या कित्येकांचा ऊर्जेवर, द्रुइडांवर, सगळ्यावर विश्वास असेल. असू दे. त्यांनी अंगावर थंडी घेतली आणि टेकडी वाचवली. त्यांच्यापुढे मी हात जोडते. झाडावर नऊ हिवाळे काढणारा आणि दगडावर मेणबत्ती लावून मोटारीने घरी जाणारा, हे दोघे एका पंगतीत बसत नाहीत.

झाडावर राहिलेल्या त्या पोरांच्या पंगतीत मानाचं पान हीथकोट पिता-पुत्रांचं. बर्चोव्हर गावचीच माणसं. 1927 पासून पुढे कित्येक वर्षं त्यांनी या माळावरचे दगडी ढीग एकेक करून काळजीपूर्वक उकलले, काय कुठे होतं त्याच्या नोंदी ठेवल्या आणि सापडलेल्या वस्तूंचं संग्रहालय गावातच थाटलं. त्या वस्तू आज शेफिल्डच्या वेस्टन पार्क संग्रहालयात आहेत. तिथे आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो. राख ठेवलेली मातीची भांडी, त्यांच्या गळ्याशी दाबून काढलेली नक्षी. कोणाच्या तरी बोटांनी ओल्या मातीत दोरी दाबली होती. मला तिथून हलवेना. सळ्या घेऊन फिरणाऱ्या सगळ्यांना या काचेपुढे तासभर बसवलं पाहिजे. इथे माणूस आहे, त्याचं बोट आहे, त्याचं दुःख आहे. हे सोडून तुम्ही कुठल्या कंपनांच्या मागे लागलात?

त्याच रात्री भाचीकडे मराठी मंडळी जेवायला होती. मी दगडांचं सांगितलं. एक काका लगेच सरसावून बसले. “नऊ ना? नवग्रह! आपलेच लोक गेले होते तिथे.” मी म्हटलं, काका, दगड दहा आहेत. त्यांनी पुरणपोळीचा घास गिळला आणि म्हणाले, “मग दशावतार.”

एका घासाचा अवधी! नवग्रहांवरून दशावतारांवर! हाच झगा, फक्त भगवा. पुरावा बदलला तरी निष्कर्ष बदलत नाही, कारण निष्कर्ष पुराव्यावर उभाच नाही. तो काकांच्या छातीवर उभा आहे. अकरावा दगड निघाला असता तर रुद्र तयार होते, बारावा निघाला असता तर ज्योतिर्लिंगं. मी काकांना विचारलं, तुम्ही नागपूरचे, जुनापाणी पाहिलंय का? ते म्हणाले, “कुठलं पाणी?”

इथे माझा संयम सुटला, आणि तो सुटायलाच हवा होता.

नागपूरहून काटोल रस्त्याने निघालं की शहराच्या वेशीजवळच जुनापाणी आहे. तिथल्या माळावर सुमारे तीनशे शिळावर्तुळं आहेत. तीनशे! लोहयुगातली, स्टँटन मूरच्या दगडांहून हजारभर वर्षांनी धाकटी, आणि त्यांच्याशी काडीचाही संबंध नसलेली. ती आपल्या माणसांची स्मारकं. त्यांत लोखंडाच्या कट्यारी, कुऱ्हाडी, छिन्न्या, घोड्याचे लगाम, काळी-तांबडी भांडी मिळाली. जवळच्या माहुरझरीला पुरातत्त्वज्ञ शां. भा. देवांनी 1970 च्या सुमारास खोदलं, तेव्हा माणसासोबत पुरलेले घोडे मिळाले, घोड्यांच्या कपाळावरचे तांब्याचे दागिने मिळाले. नैकुंडला लोखंड गाळायची भट्टी मिळाली. ज्यांना ‘आमच्याकडे सगळं होतं’ म्हणायची एवढी खुमखुमी आहे, त्यांच्यासाठी खरोखर होतं ते इथे पडलंय, घरापासून अर्ध्या तासावर. पण ते पाहायला उन्हात चालावं लागतं आणि त्यात विमानं नाहीत.

गंमत बघा, जुनापाणीचे दगड आणि ब्रिटनमधले दगड यांची तुलना एकदा खरोखर झाली होती, आणि ती कुणाच्या छातीतून निघालेली नव्हती. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी, ज्याच्या नावाने नागपूरचं कॉलेज आहे, तो सप्टेंबर 1863 मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना पुराच्या नाल्यात बुडून गेला. त्यानंतर रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने जुनापाणीची वर्तुळं उकरली. काही दगडांवर त्याला वाटीसारखे कोरलेले खळगे दिसले. स्कॉटलंडात असेच खळगे जेम्स सिम्पसनने नोंदवले होते. भूल देण्यासाठी क्लोरोफॉर्म वापरात आणणारा तोच हा डॉक्टर. रिव्हेट-कार्नॅकने 1879 मध्ये दोन्हींची तुलना छापली आणि साम्यावरून वंशांच्या स्थलांतराचे तर्क लढवले. तर्क टिकला नाही. पण त्याने खळगे मोजले होते, त्यांची चित्रं काढली होती, म्हणून तो चुकला हे आपल्याला आज सिद्ध करता येतं. काकांना चूक ठरवायची सोयच नाही. ते चुकण्याच्या पलीकडे जाऊन बसलेत, झगेवाल्याच्या शेजारी.

डिसेंबरात मी जुनापाणीला गेले. लहानपणी वडिलांबरोबर सायकलवरून आले होते, त्यानंतर कित्येक वर्षांनी. एका वर्तुळाचा अर्धा भाग कच्च्या रस्त्याने खाल्ला होता. दुसऱ्यात प्लास्टिकच्या बाटल्या आणि पार्टीच्या पत्रावळी. मेण नव्हतं, फिती नव्हत्या. कोणाला काही अर्पण करावंसंही वाटलेलं नव्हतं. काळ्या बसाल्टचे गोल गोटे उन्हात तापले होते, आणि त्यांच्यामधून पळसाची रोपं वर आलेली.

मी एक बऱ्यापैकी शाबूत वर्तुळ धरलं आणि मोजायला लागले. गुरं घेऊन आलेला एक म्हातारा जरा वेळ बघत उभा राहिला.

“काय शोधून राह्यले बाई?”

“काही नाही, गोटे मोजून राहिले.”

त्याने ‘कायले?’ असं विचारलं नाही. काठी बगलेत धरून तो दुसऱ्या बाजूने चालत सुटला, प्रत्येक गोट्याला काठीचं टोक टेकवत. आम्ही एकमेकांना ओलांडून पूर्ण फेरा घातला.

“किती भरले?” त्याने विचारलं.

“सव्वीस.”

“माहे सत्तावीस आले. तो झुडपातला धरला का तुमी?”

मी धरला नव्हता. पळसाच्या बुडाशी निम्मा मातीत गेलेला एक होता. त्याने काठीने पानं बाजूला केली आणि आम्ही दोघं पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागलो.